भिंतीवरचा फिकट चौकोन

प्रश्न : ताई, आमच्या फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात माझा एक फोटो लागला होता. घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरच्या वस्तू उतरवल्या होत्या, तेव्हा काढलेला. मळक्या भिंतीवर एक फिकट चौकोन, त्याच्या वर खिळा आणि तिरप्या उन्हात पडलेली त्या खिळ्याची लांब सावली. मला ती सावली आवडली म्हणून फोटो काढला, बाकी काही मनात नव्हतं. एक वयस्कर गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "आमच्याकडेही असाच राहिलाय. तसबीर काढून ठेवली, पण जागा काही जात नाही." मी म्हटलं, "काका, तिथे कॅलेंडर होतं." त्यांचा चेहरा उतरला. "अच्छा," म्हणून ते पुढे गेले. तेव्हापासून मला चैन नाही. मी खरं तेच सांगितलं, मग चुकलं काय? आणि जो अर्थ माझ्या मनातच नव्हता, तो माझ्या फोटोत कुठून आला?

उत्तर : तुम्ही खरं सांगितलंत, पण तिथे काय टांगलं होतं हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ते स्वतःच्या घरातल्या भिंतीबद्दल बोलत होते.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. फोटो मी पाहिलेला नाही, तुम्ही केलेलं वर्णन तेवढं माझ्याकडे आहे. पण त्यावरूनही काही सांगता येईल. त्या दिवशी खोलीत रंगाचे डबे असतील, शिडी असेल, चादरीखाली झाकलेलं सामान असेल. ऊन त्यांच्यावरही पडलं असणार. त्या सगळ्याकडे पाठ करून तुम्ही उभे राहिलात ते एका रिकाम्या जागेसमोर. खिळा आहे, म्हणजे इथे काहीतरी टांगलेलं होतं. चौकोन भिंतीहून फिकट आहे, म्हणजे ते बरीच वर्षं टांगलेलं होतं. सावली लांब आहे, म्हणजे ऊन कललेलं आहे. या तीन गोष्टी एका चौकटीत आल्या की 'इथून काहीतरी गेलं' हे पाहणाऱ्याला कळतंच, तुम्ही ते शब्दांत मांडलं असो वा नसो. काय गेलं, ते मात्र चौकटीत नाही. ती जागा तुम्ही मोकळी ठेवलीत आणि काकांनी ती भरली. कॅलेंडर भिंतीवर असताना फोटो काढला असतात, तर त्यांना तिथे थांबण्याचं काही कारणच नव्हतं.

मी २६ वर्षं डार्करूममध्ये दुसऱ्यांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढले. त्यातली एक निगेटिव्ह अजून डोळ्यांसमोर आहे. दारात उभी असलेली एक बाई, अर्धी आत, अर्धी बाहेर, चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला. पहिला प्रिंट मी सरळ काढला, सगळीकडे सारखा प्रकाश देऊन. दुसऱ्या वेळी पुठ्ठ्याच्या तुकड्याने चेहरा झाकला आणि दाराबाहेरच्या भागावर आणखी सहा सेकंद प्रकाश पडू दिला. प्रिंटच्या कागदावर जिथे जास्त प्रकाश पडतो, तो भाग जास्त काळा होतो. पुठ्ठा सतत हलवत ठेवावा लागतो, नाहीतर त्याची कड प्रिंटवर उमटते. मग लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये सोडला. आधी दाराची चौकट वर आली, मग केसांची कड, मग गाल. दोन्ही प्रिंट धुऊन शेजारी शेजारी ठेवले आणि मी बघतच राहिले. पहिल्यात बाहेर लख्ख उजेड होता आणि बाई आत येत होती. दुसऱ्यात बाहेर अंधारलं होतं आणि ती घर सोडून निघाली होती. निगेटिव्ह तीच, उचललेलं पाऊल तेच. छायाचित्रकार आला, त्याने दोन्ही बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "खरं तर ती पोस्टमनला हाक मारायला उठली होती." आणि त्याने सही केली ती दुसऱ्या प्रिंटच्या मागे.

पोस्टमनची हकिकत त्याच्यापाशी राहिली. त्याने ती लपवली नाही, पण फोटोखाली लिहिलीही नाही. तुमच्या कॅलेंडरचंही तसंच आहे.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांची आई १९७७ साली गेली. त्यानंतर जुने फोटो चाळताना त्यांना आईचा पाच वर्षांची असतानाचा एक फोटो सापडला आणि त्या लहान मुलीत त्यांना आपली आई पुरती ओळखू आली. छायाचित्रकलेवरचं त्यांचं १९८० सालचं पुस्तक या फोटोभोवती फिरतं. त्या पुस्तकात इतर बरेच फोटो छापले आहेत, हा एक मात्र नाही. कारण त्यांनीच दिलंय : हा फोटो फक्त माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी तो हजारो फोटोंसारखाच एक असेल. चित्रातल्या एखाद्या बारक्या तपशिलाने आपल्याला अचानक टोचावं, याला त्यांनी 'पंक्टम' हा शब्द वापरला. टोचणारी वस्तू चित्रात असते, पण टोचतं ते बघणाऱ्याच्या आयुष्यामुळे. काकांना तुमचा खिळा टोचला. छायाचित्रकाराच्या वाट्याला हे फार क्वचित येतं. तुमच्या वाट्याला ते आलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

म्हणून कोणी काहीही म्हणावं आणि ते खपवून घ्यावं, असं मात्र नाही. उद्या कोणी तुमच्या फोटोसमोर उभं राहून म्हणालं की हा गरिबीवरचा फोटो आहे, तर खुशाल विचारा, "यातली कोणती गोष्ट तसं सांगते?" बोट ठेवता यायला हवं. काकांना बोट ठेवता आलं असतं, खिळ्यावर आणि चौकोनावर.

काका पुन्हा भेटले तर त्यांच्या भिंतीवर कोणाची तसबीर होती ते विचारा.

प्रश्न : चित्रकार कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो. कॅमेरा समोर असेल ते उचलतो. बटण दाबण्यात कला कसली?

उत्तर : हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. १८५९ साली फ्रेंच कवी बोदलेअर यांनी असंच बजावलं होतं : फोटोग्राफीने कलांची आणि विज्ञानाची दासी म्हणून राहावं, त्यापुढे जाऊ नये. मला ते पटत नाही आणि याचं कारण फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या वर्षांतच सापडतं.

फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा फोटो काढला. रस्ता वर्दळीचा होता, घोडागाड्या होत्या, माणसं होती. फोटोत रस्ता ओस पडलेला दिसतो. त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची आणि जे हलत होतं त्याची खूण उरायची नाही. खालच्या कोपऱ्यात तेवढा एक माणूस उमटला आहे, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय वर ठेवून थांबला होता. 'समोर असेल ते उचलणाऱ्या' कॅमेऱ्याने समोरचा अख्खा रस्ता गाळला आणि एका माणसाला ठेवलं. तिथे ही निवड यंत्राच्या मर्यादेने केली. पुढे छायाचित्रकार तीच निवड जाणूनबुजून करायला शिकले : किती वेळ, किती जवळून, कुठल्या क्षणी, चौकटीत काय आणि चौकटीबाहेर काय.

डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे शेतमजुरांच्या छावणीत एका आईचे लागोपाठ काही फोटो काढले. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि एकत्र बघण्यासारखे आहेत. लांबून काढलेल्या फोटोंत तंबू दिसतो, सामान दिसतं, थोरली मुलगी दिसते. हलाखी कळते, पण नजर कुठे ठरत नाही. लँग पुढे पुढे सरकत गेल्या. जगाला माहीत आहे त्या फोटोत तंबू जवळजवळ उरलेलाच नाही. आईचा हात गालाजवळ आहे, मांडीवर तान्हं मूल आहे आणि दोन्ही खांद्यांवर दोन मुलं आहेत, पण त्यांचे चेहरे आपल्याकडे नाहीत, ती पाठमोरी आहेत. मुलांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं असतं तर आपली नजर तीन ठिकाणी वाटली गेली असती. ती वळल्यामुळे एकच चेहरा उरतो. बटण सगळ्या फोटोंना तेच होतं.

प्रश्न : फोटोखाली मथळा द्यावा की नाही? आमच्यात यावरून दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, चित्राने स्वतः बोलावं. दुसरा म्हणतो, माहिती नसेल तर लोक भलतंच समजतात.

उत्तर : दुसरा गट बरोबर आहे, लोक भलतंच समजतात. दोन उदाहरणं देते.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचा १९०७ सालचा जहाजावरचा फोटो घ्या. वरच्या डेकवर माणसांची दाटी, खालच्या डेकवर बायका-मुलं, मधून आडवा जाणारा पांढऱ्या कठड्याचा पूल. वर्षानुवर्षं लोक या फोटोकडे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागणाऱ्या स्थलांतरितांचं चित्र म्हणून बघत आले. डोळ्यांत आशा वगैरे त्यांना दिसली. प्रत्यक्षात ते जहाज न्यूयॉर्कहून निघून युरोपकडे चाललं होतं. ही माणसं परत जाणारी होती. गंमत अशी की स्टीग्लिट्झ यांनी पुढे या फोटोची जी हकिकत लिहिली, तिच्यात येणं नाही आणि जाणंही नाही. ते कुटुंबासोबत पहिल्या वर्गात होते. फिरत फिरत डेकच्या टोकाला आले आणि त्यांना आकार दिसले : गवताची गोल टोपी, एका माणसाच्या पाठीवर फुलीसारखे आलेले गॅलिसचे पट्टे, जिना, कललेलं धुराडं. ते कॅमेरा आणायला केबिनकडे धावले. कोरी प्लेट एकच उरली होती. परत येईपर्यंत टोपीवाला हलला नव्हता, हे त्यांचं भाग्य.

या चित्राचे तीन अर्थ झाले : लोकांचा, जहाजाच्या मार्गाचा आणि खुद्द छायाचित्रकाराचा. पहिल्याला आधार नाही. तिसऱ्यावर मात्र मी तासभर बोलू शकेन, कारण त्यातल्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवता येतं.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. ११ सप्टेंबर २००१ला थॉमस हॉप्कर यांनी ब्रुकलिनमध्ये एक फोटो काढला. पाण्याकाठी पाच तरुण-तरुणी बसले आहेत, स्वच्छ ऊन आहे आणि पलीकडच्या तीरावरून धुराचा प्रचंड लोट उठतो आहे. पाचही जण निवांत गप्पा मारताहेत असं वाटतं. हॉप्कर यांनाच तो फोटो अस्वस्थ करणारा वाटला आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. २००६ साली तो लोकांपुढे आला, तेव्हा एका वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाने त्यात एका समाजाची बेफिकिरी वाचली. त्यावर फोटोतल्याच एकाने लिहून कळवलं की आम्ही सुन्न झालो होतो, जे घडत होतं त्याबद्दलच बोलत होतो आणि आमची मनःस्थिती काय आहे हे कोणी येऊन विचारलं नाही.

माझं मत या दोन फोटोंवरून बनलं आहे. चौकटीतल्या वस्तूंचा अर्थ लावायला बघणारा मोकळा आहे. चौकटीतल्या जित्याजागत्या माणसांच्या आयुष्याबद्दल निवाडा द्यायला तो मोकळा नाही. त्यामुळे फोटोत ओळखता येणारी माणसं असतील, घडलेला प्रसंग असेल, तर कुठे, केव्हा आणि कोण, एवढं लिहायलाच हवं. कोरडं लिहा. 'आशेचा किरण' किंवा 'जगण्याची धडपड' असले मथळे देऊ नका. ते माहिती देत नाहीत, उलट बघणाऱ्याच्या आधीच उत्तर देऊन टाकतात. भिंतीवरच्या खिळ्याला मथळा नको. फारच वाटलं तर वर्ष लिहा.

मघाच्या आईच्या फोटोबद्दल इथेच सांगते. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. तो चेहरा जगभर छापला गेला, बघणाऱ्यांनी त्यात आई पाहिली, सोसणं पाहिलं, एक सबंध काळ पाहिला. १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, कळलं की ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाची. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, तिला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, असं ती म्हणाली. मी हा फोटो अजूनही बघते आणि अजूनही हलते. पण आता नावासकट बघते.

प्रश्न : एडिट केलेला फोटो खोटा असतो का?

उत्तर : लँग यांच्या त्याच फोटोच्या मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात एक अंगठा होता, तंबूच्या खांबावर टेकलेला. १९३९ साली तो पुसण्यात आला, कारण लँग यांना तो नजरेला अडथळा वाटत होता. ज्या सरकारी कामासाठी फोटो काढला होता, तिथल्या वरिष्ठांना हे रुचलं नाही. मला विचाराल तर तो अंगठा राहायला हवा होता. फोटो पुरावा म्हणून काढलेला असेल तर त्यातलं काही काढू नये, घालू नये.

याउलट आंद्रेयास गुर्स्की यांनी ऱ्हाइन नदीच्या १९९९ सालच्या फोटोतून पलीकडची इमारत आणि माणसं संगणकावर काढून टाकली. उरले ते हिरवे, करडे आडवे पट्टे आणि वर ढगाळ आकाश. त्यांनी ते लपवलं नाही आणि तिथे नदीचा पुरावा कोणी मागितलेला नव्हता. ती मला फसवणूक वाटत नाही. आणि उजेड-अंधार कमीजास्त करणं म्हणाल, तर ते प्रिंट काढण्यातच आलं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरावलीची उपमा देत आणि प्रिंटला त्या स्वरांच्या सादरीकरणाची. न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाची १९४१ सालची एकच निगेटिव्ह त्यांनी कित्येक दशकं छापली आणि प्रिंट-प्रिंटगणिक आकाश गडद करत नेलं.

प्रश्न : फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की तो आपोआप कलात्मक होतो, असं माझे मित्र म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. १९८४ साली भोपाळच्या वायुगळतीनंतर एका अनोळखी मुलाला पुरतानाचं दृश्य दोन छायाचित्रकारांनी टिपलं. रघू राय यांनी ते कृष्णधवल घेतलं, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. रंगीत फोटो 'वर्ल्ड प्रेस फोटो' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या वर्षीचा सर्वोत्तम फोटो ठरला. राय यांचा फोटो लोकांच्या मनात घर करून राहिला. दोन्ही शेजारी ठेवून बघा. कृष्णधवल फोटोत माती आणि चेहरा एकाच करड्या रंगात मिसळतात, मूल जणू आधीच मातीचं झालं आहे, आणि त्याच्या कपाळाजवळचा तो हात काळीज चिरतो. रंगीत फोटोत चेहरा मातीपासून वेगळा राहतो, ते मूल कालपर्यंत जिवंत होतं हे विसरता येत नाही. यातलं एक जास्त कलात्मक असं मी म्हणणार नाही. रंग काढताना काय निघून जातंय ते आधी बघा, मग काढा.

प्रश्न : प्रदर्शनात सगळे माना डोलावतात, मला काहीच वाटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : कमी काही नाही, तुम्ही भराभर पुढे जात असाल. एका भेटीत पन्नास फोटो बघू नका, तीन बघा. 'याचा अर्थ काय' हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याने डोळे बंद होतात. आधी मनातल्या मनात नुसती यादी करा : काय काय दिसतंय. मग उजेड कुठून येतोय ते शोधा, सावलीवरून कळतं. मग छायाचित्रकार कुठे उभा होता ते ठरवा, आणि त्याने दोन पावलं मागे घेतली असती तर चौकटीत काय आलं असतं, याचा विचार करा. शेवटी कोपरे बघा. चारही. नजर नेहमी मध्यावर जाते आणि कोपरे राहून जातात.

कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ सालचा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या बेतात. बहुतेक जण ती टाच बघतात आणि पुढे जातात. मीही कित्येक वर्षं तेवढीच बघत होते. मग एकदा भिंग घेऊन बसले, तेव्हा मागच्या भिंतीवरची पोस्टरं दिसली. त्यातल्या एका पोस्टरवर एक नर्तकी झेप घेते आहे, अगदी या माणसासारखी, फक्त उलट्या दिशेने. पाण्यात माणसाचं प्रतिबिंब आहे, तिचंही आहे. म्हणजे एका चौकटीत चार उड्या.

पुढच्या प्रदर्शनात तीन फोटो निवडा आणि प्रत्येकासमोर पाच मिनिटं उभे राहा. तरीही काही वाटलं नाही तर तसं लिहा, आणि ते फोटो कोणते होते तेही कळवा.